आखातातले बिऱ्हाड

उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर अशा पनवेल तालुक्यातील दहा गावांना उठवून जो विमानतळ उभारला गेला, त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. यापुढे आखातात नोकरीला जाणाऱ्या आपल्या तरुणाला सहारची वाट धरावी लागणार नाही, घराच्या अंगणातूनच तो विमानात बसेल, असे कौतुकाने सांगितले जाते. जमिनीच्या भावासाठी १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात ज्या पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्यांच्या नातवंडांच्या पिढीला हे कौतुक ऐकावे लागत आहे! परंतु तो विषय वेगळा. विमानात बसण्याची सोय झाली. उतरल्यानंतर त्याचे काय होते, याचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही.

१९७३ साली तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांना मनुष्यबळाची गरज भासू लागली. तेव्हापासून श्रीवर्धन-म्हसळ्यापासून तळोज्यापर्यंतच्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष तिकडे गेले. निघताना त्यांना जो उपदेश मिळतो त्याचे सार एकच: जुळवून घे. उन्हाशी जुळवून घे, मुकादमाशी जुळवून घे, एका खोलीतल्या आठ माणसांशी जुळवून घे. परक्या शहरात रुळणे हा जणू ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न! हे मत मला मुळातच चुकीचे वाटते.

कोकणी माणसाला परके शहर नवे नाही. तो गिरणगावात आला तेव्हा त्याच्याही वाट्याला गाळ्यातली पथारीपुरती जागा, खाणावळीचे जेवण आणि पाळीचा भोंगाच आला होता. बायकामुले गावी आणि पगारातील मोठा भाग मनीऑर्डरीने घरी, हे आजच्या दुबईच्या कामगारासारखेच. तरीही मुंबई त्याची झाली. का झाली? त्याने गावकीची मंडळे काढली, भजनी मंडळे काढली म्हणून झाली हे खरे. पण त्याहून अधिक, तो युनियनचा सभासद होऊ शकला, संपावर जाऊ शकला, एक गिरणी सोडून दुसऱ्या गिरणीच्या दारात उभा राहू शकला आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरू शकला म्हणून झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप तो हरला. परंतु हरल्यानंतरही त्याला कोणी शहरातून हद्दपार करू शकले नाही.

आखातातील कामगाराचे राहणे मात्र मालकाच्या, म्हणजे तेथील भाषेत कफीलच्या, नावाशी बांधलेले असते. नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला. कतारने २०२०मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, संयुक्त अरब अमिरातीनेही नोकरी बदलणे पूर्वीपेक्षा सोपे केले, हे नोंदवलेच पाहिजे. परंतु कुवेतने १ जुलै २०२५पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कामगाराला देशाबाहेर पडण्यासाठी मालकाची मंजुरी सक्तीची केली. म्हणजे आई आजारी पडली तरी निघण्याचा निर्णय मालकाच्या संमतीवर! अमिरातीत कामगार संघटनेला मुभाच नाही. बायकोला तेथे न्यायचे तर पगार ४००० दिरहॅम हवा, किंवा मालकाची जागा असल्यास ३०००. बांधकामावरच्या मजुराला तो आकडा स्वप्नातच दिसतो. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम तेथे आहे आणि तो चांगला आहे. पण नियम मोडला तर सामुदायिक तक्रार घेऊन जाणार कोण?

दुबईच्या कडेला कामगारांच्या छावण्यांची एक वस्ती आहे. आपल्या उपखंडातील लोकांनी तिला सोनापूर असे नाव दिले. जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. नाव देणाऱ्यांच्या मनात सोन्याचे गाव होते यात शंका नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांनी खच्चून भरलेल्या इमारतीला पहाटे आग लागली आणि ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने परत आणावे लागले. त्या इमारतीतही माणसे जुळवून घेऊनच राहत होती.

कोणी म्हणेल, मग जाऊच नये का? असे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्या पैशावर घरांवर कौले जाऊन स्लॅब आले, मुली शिकल्या. येथे कंत्राटी कामाखेरीज काही देऊ न शकणाऱ्या व्यवस्थेने त्यांना देशप्रेमाचे धडे देऊ नयेत. प्रश्न आहे तो त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते याचा. केरळने १९९६ साली परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले, पुढे कल्याण मंडळ स्थापले. आपल्याकडे हा प्रश्न निवडणुकीच्या सभेत का येत नाही? याचे उत्तर कटू आहे. परदेशस्थ नागरिकाला मतदार होण्याचा हक्क २०१०च्या दुरुस्तीने मिळाला, पण मत टाकायला त्याने स्वतः मतदारसंघात हजर राहायचे! तिकिटाचे पैसे जमवून मतदानाला येणारा गवंडी कोण? म्हणून तो पुढाऱ्यांच्या वहीत नाही. आपल्याही वहीत नाही, हे कबूल करू या.

आणि आपल्या दारातही एक आखात आहे. तळोज्याच्या कारखान्यांत, कळंबोली-कामोठ्याच्या इमारतींवर बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचीही कागदपत्रे अनेकदा मुकादमाच्या पेटीत असतात. त्यांना ‘परप्रांतीय’ म्हणून हिणवणाऱ्या तोंडाने दुबईतल्या भावाच्या हक्कांविषयी बोलता येणार नाही. नाक्यावरच्या मजुराची नोंदणी आणि आखाताला निघालेल्याची नोंदणी ही शाखेने एकाच वहीत करावी.

त्या वहीत काय असावे तेही ठरवता येईल. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे एजंटाला सरकारी नोंदणी लागते; तो नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याने घ्यायच्या शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर इतकी आहे. प्रत्यक्षात किती घेतले ते लिहून ठेवावे. पर्यटकाच्या व्हिसावर कामाला पाठवणारा आढळला तर मुंबईतील उत्प्रवासी संरक्षकाच्या कार्यालयात तक्रार करावी, आणि ती एकट्या बापाने नव्हे, शाखेने करावी. करारपत्राची व पासपोर्टची एक प्रत जाणाऱ्याच्या घरी आणि एक शाखेत ठेवावी. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार थकवला, तर पहिला फोन आईला जातो. दुसरा कोणाला करायचा, हे तिला आधी ठाऊक असले पाहिजे.