अनामत सांभाळणारे हात

‘अनामत’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो मूळ अरबी ‘अमानत’, हे ठेवीची पावती फाडणाऱ्या कारकुनाच्याही ध्यानात नसते. दुसऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशोब होतो, त्यात बँकेतली ठेवही धरली जाते. ती ठेव हाती लागणार का, हा प्रश्न कराडकरांनी फार जवळून पाहिला आहे.

कराड जनता सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये निर्बंध घातले आणि 7 डिसेंबर 2020 च्या आदेशाने परवाना रद्द केला. 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. विम्याची मर्यादा त्याच वर्षी फेब्रुवारीत 1 लाखावरून 5 लाखांवर गेली होती, हे ठेवीदारांचे नशीब. पण मधली तीन वर्षे? मुलीचे लग्न आणि दवाखान्याचे बिल निर्बंध उठेपर्यंत थांबत नाही.

नागरी बँकांना नियमांचा तुटवडा कधीच नव्हता. लेखापरीक्षण आहे, तपासणी आहे, कर्ज समिती आहे. 100 कोटी वा अधिक ठेवी असलेल्या बँकांनी जाणकारांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमावे, असेही रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 रोजी सांगितले. तरतूद चांगली; मात्र ते मंडळ नेमणार संचालकच.

कोणत्या एका बँकेची ही गोष्ट नव्हे. शाखेतला अधिकारी ‘तारण अपुरे’ असा शेरा मारतो. वरून फोन येतो, ‘आपलाच माणूस आहे, बघून घ्या.’ असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी शेराच लिहिला जात नाही. फाइल मात्र नियमाप्रमाणे पूर्ण! सत्यम कंपनीला तर 2008 मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनीच हिशोब खोटे असल्याची कबुली दिली.

आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात वसवली, तेव्हा ‘कम्प्लायन्स ऑफिसर’ हे पद कुणी ऐकलेही नव्हते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतले, पहाऱ्यालाही ठेवले. हा भाबडेपणा म्हणता येईल, पण त्यातली जोखीम त्यांनी स्वतःच्या कारखान्यावर घेतली होती. ठेवीदारांच्या पैशावर ओळखीच्या माणसाला कर्ज देणाऱ्या संचालकाचे स्वतःचे काय पणाला लागते?

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांश किती, हे तिथे हमखास विचारले जाते. प्रतिकूल शेरा असूनही मंजूर झालेली कर्जे किती, आणि तो शेरा लिहिणाऱ्याची बदली कुठे झाली, हेही यंदा एखाद्या सभासदाने विचारून पाहावे.