यमुनाकाठचा तंबूतला संसार

दिल्लीहून सिमला-मनालीकडे निघालेली मराठी कुटुंबे वाटेत मुरथळला हमखास थांबतात. गरमागरम पराठे, वर लोण्याचा गोळा, सोबत घट्ट दही. मुलांची पोटे भरली की गाडी पुन्हा धावू लागते. समालखा मागे पडते आणि थोड्याच वेळात पानिपतची पाटी दिसते. गाडीतले कुणीतरी विचारते, ‘‘इथेच ना ती लढाई?’’

होय, लढाई इथेच झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत संपलीसुद्धा. पण त्या एका दिवसाआधी जवळजवळ साडेपाच महिने दक्षिणेतून आलेला एक प्रचंड जनसमुदाय याच भागात, यमुनेच्या आसपास, कापडाच्या छपराखाली राहत होता. आज ज्याला राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणतात, त्यात दिल्लीबरोबर पानिपत, कर्नाल, बागपतही येतात. ही सगळी नावे त्या मुक्कामाशी जोडलेली आहेत. सेनापती, तोफा, डावपेच यांवर पोतीभर लिहिले गेले आहे. पण एवढ्या माणसांची चूल रोज कशी पेटत होती? हा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही.

सदाशिवराव भाऊ मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातल्या परतूरहून निघाले. बरोबर पेशव्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विश्वासराव होता. लढणारे किती आणि न लढणारे किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मात्र न लढणारे लढणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त होते, हे सर्वच जण मान्य करतात. त्यांत मोदी, स्वयंपाकी, पाणके, घोड्यांचे मोतद्दार, लोहार, शिंपी, कारकून, भटजी होते. धान्याचे बैल हाकणारे लमाण होते. सरदारांची कुटुंबे होती, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. आणि यात्रेकरू तर शेकड्यांनी होते.

यात्रेकरू लष्कराबरोबर कशाला, असे आज कुणालाही वाटेल. पण त्या काळी पुण्या-साताऱ्याकडच्या बाईने काशी-प्रयाग किंवा कुरुक्षेत्र गाठायचे तरी कसे? वाटेत चोर, लुटारू, परकी राज्ये. सरकारी फौज उत्तरेत निघाली की तिच्या आश्रयाने जाणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होता. आज आपण ओळखीच्या यात्रा कंपनीबरोबर आईवडिलांना पाठवतो, तसेच थोडेफार. पुढे पेशवाईचा कारभार हाती घेणारे नाना फडणीस तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. तेही आई आणि पत्नीला घेऊन या फौजेबरोबर निघाले होते. आईला तीर्थयात्रा घडावी, हाही हेतू होता.

असा गोट उभा कसा राहत असे, याचे वर्णन ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. त्याने पाहिली ती १८०९ सालची दौलतराव शिंद्यांची छावणी, म्हणजे पानिपतनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. पण रिवाज जुनाच होता. बिनीवाला पुढे जाऊन जागा निवडी आणि धन्याच्या डेऱ्याच्या जागी निशाण रोवी. मग बाजारांची निशाणे ठरावीक अंतरावर लागत. मागून येणारा वाणी, तांबोळी, सराफ निशाण पाहून आपापली जागा ओळखी. मोठ्यांना कनातीने वेढलेले डेरे, मध्यम परिस्थितीच्या लोकांना राहुट्या आणि बाकीच्यांना दोन काठ्यांवर टाकलेले पाल. सकाळी मोकळे माळरान असलेल्या जागी संध्याकाळी रस्ते, दुकाने आणि चुलींचा धूर! आपल्याकडच्या गृहिणीला घर बदलताना एक महिना पुरत नाही. त्या बायका हा खेळ मुक्कामागणिक करीत होत्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली आणि मोठा मुक्काम पडला. शहराच्या वायव्येला शालिमार बागेकडे फौजेचे डेरे होते. दिवस पावसाळ्याचे. यमुना दुथडी भरून वाहत होती आणि पलीकडच्या दुआबात अहमदशहा अब्दाली बसला होता. नदीमुळे कुणालाच कुणावर चालून जाता येईना. त्यामुळे लढाई नाही, पण खर्च मात्र रोजचा. पोटे काही पाणी ओसरायची वाट पाहत नाहीत. भाऊंची त्या काळातली पत्रे वाचली की त्यांत शौर्याच्या गोष्टी कमी आणि पैशाची मागणीच जास्त आढळते. गोविंदपंत बुंदेल्यांना तर त्यांनी रकमेसाठी पुन्हा पुन्हा लिहिले. अखेर लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली. सुमारे ९ लाख रुपये निघाले, असे सांगतात. एवढ्या लवाजम्याला ते किती दिवस पुरणार?

पैसा असला तरी धान्य कुठून आणायचे हा प्रश्न होताच. दिल्लीच्या आसपासचा मुलूख आधीच अनेक फौजांनी खाऊन टाकला होता. दुआबातला सुपीक पट्टा नदीपलीकडे होता. तिथले धान्य अब्दालीला मिळत होते, रोहिल्यांचा नजीबखान त्याच्या पाठीशी होता.

ऑक्टोबरमध्ये भाऊ यमुनेच्या काठाने उत्तरेकडे सरकले आणि १७ तारखेला कर्नालजवळचे कुंजपुरा जिंकले. तिथे अब्दालीसाठी साठवलेला मोठा धान्यसाठा हाती लागला. दोनच दिवसांनी दसरा होता. इतक्या महिन्यांनंतर छावणीने पोटभर जेवून सण साजरा केला. यात्रेकरूंचे कुरुक्षेत्र तिथून फार दूर नव्हते. सगळे काही मनासारखे होणार, असे वाटण्याचा तोच एक आठवडा.

कारण त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. नदी अजून पुरती उतरली नसताना त्याने हे धाडस केले. आता तो भाऊंच्या आणि दिल्लीच्या मधोमध आला. घरचा रस्ता बंद झाला. भाऊ मागे वळले आणि पानिपत गावाला लागून त्यांनी तळ ठोकला. भोवती खंदक खणला आणि त्यावर तोफा चढवल्या. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ही हकिकत पुढे फारसीत लिहिली. त्याच्या मते हा खंदक साठ फूट रुंद आणि बारा फूट खोल होता. दसऱ्यानंतर वीस दिवसांनी येणारी दिवाळी या खंदकाच्या आतच आली. कशी साजरी झाली असेल, याची कल्पनाच करावी.

सुरुवातीला निभावले. कुंजपुऱ्याचे धान्य होते, पतियाळ्याचा अलासिंग जाट रसद पाठवीत होता. पण नोव्हेंबर संपता संपता अब्दालीच्या घोडेस्वारांनी वाटा आवळल्या. प्रथम चंदी-वैरण संपली. घोडे आणि बैल मरू लागले. बैल मेले की धान्य वाहायला कुणी नाही आणि मेलेल्या जनावरांची दुर्गंधी आत कोंडलेली. एवढ्या माणसांनी शौचाला जायचे कुठे? खंदकाबाहेर शत्रू आणि आत पाय ठेवायला जागा नाही. बखरकारांनी हा विषय ओझरता उल्लेखून सोडून दिला आहे. तो सोसणाऱ्या बायका बखरी लिहीत नव्हत्या.

त्यातच उत्तरेची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पानिपतला पहाटे धुके दाटते, बोटे आखडतात. देशावरून आणि कोकणातून आलेल्या माणसांच्या अंगावर पातळ धोतर-लुगडी. शेकोटी पेटवावी तर सरपण नाही. सरपण हेच छावणीचे खरे दुखणे ठरले. धान्य असले तरी ते शिजवायला लाकूड लागते आणि लाकूड खंदकाबाहेर होते. काशीराज सांगतो की एका रात्री लाकूडफाटा आणि चारा गोळा करायला हजारो लोक बाहेर पडले. ते अब्दालीच्या स्वारांच्या हाती सापडले आणि कापले गेले. त्याने आकडा वीस हजारांचा दिला आहे. तो फुगवलेला असेल असे धरले, तरी माणसे मेली ती शेकोटीच्या लाकडासाठी, एवढे खरे.

७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. त्यांच्या पत्नी तिथेच सती गेल्या. पुण्यात शाळेची पुस्तके घ्यायला ज्या चौकात आपण जातो, तो आप्पा बळवंत चौक त्यांच्या मुलाच्या नावाचा आहे. याच महिन्यात अब्दालीची रसद तोडायला गेलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून खजिना आणणारी तुकडी रात्री वाट चुकून थेट शत्रूच्या गोटात शिरली. आणि या सगळ्या काळात पुण्याकडून मदत? नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते खरे, पण डिसेंबरअखेर पैठणला त्यांचे दुसरे लग्न लागत होते. त्यावर अधिक काही लिहायला नको.

१३ जानेवारीला सरदार आणि शिपाई भाऊंच्या डेऱ्यासमोर जमले. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे त्यांनी सांगितले. भाऊंनी मान्य केले. उरलेसुरले धान्य वाटून त्या रात्री सर्वांना एकदा पोटभर जेवायला घातले. त्या जेवणात काय होते, ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

‘बायका-पोरे आणि बाजारबुणगे बरोबर नेले म्हणून हरलो,’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. जड सामान आणि कुटुंबे मागे सुरक्षित किल्ल्यांत ठेवा, असा सल्ला भरतपूरच्या सूरजमल जाटाने वेळेवर दिला होता. तो मानला गेला नाही. पण हा निर्णय बायकांनी घेतला नव्हता. शिवाय ज्यांना बुणगे म्हणून नाके मुरडली जातात, त्यांतलेच कुणी लष्कराची भाकरी थापत होते, घोड्याला नाल मारत होते, पखालीने पाणी भरत होते. ते नसते तर फौज दिल्लीपर्यंत तरी पोहोचली असती का? कमी पडली ती नदीपलीकडून येणारी धान्याची वाट. ती अब्दालीकडे होती. त्याच्याकडेही नोकरचाकर आणि बाजार होताच की!

लढाईनंतर छावणीतले हजारो जण मारले गेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. जे निसटले, ते थंडीत अनवाणी दक्षिणेकडे चालत सुटले. सूरजमलच्या मुलखात पोहोचल्यावर त्यांना पहिल्यांदा गरम अन्न आणि अंगावर घालायला कपडे मिळाले. ज्याचा सल्ला धुडकावला होता, त्याच्याच दारात ही माणसे वाचली. त्याने आणि त्याच्या राणीने यांपैकी कुणाला त्याबद्दल टोमणा मारल्याचे ऐकिवात नाही.

नाना फडणीस वेष बदलून निसटले. त्यांच्या पत्नी वाचल्या, आई परत आल्या नाहीत. पार्वतीबाई दक्षिणेत पोहोचल्या. भाऊंना पडताना कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते, म्हणून त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. मधल्या काळात भाऊ म्हणवणारा एक तोतयाही उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. तोवर, बावीस वर्षे, त्यांच्या कपाळावर कुंकू होते.