पाटी सेमीची, पण शिकवणार कोण?

शाळा सुरू व्हायचे दिवस जवळ आले, की मावळातल्या मुख्याध्यापकांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : ‘सर, सेमी हाय का?’ कामशेत असो, वडगाव असो की पवन मावळातलं एखादं खेडं, उत्तर ‘नाही’ आलं की पालक दाखल्याची भाषा करू लागतो. गावातून इंग्रजी शाळेची पिवळी बस जाते. त्या शाळेची फी झेपत नसली, तरी उसनवारी करून ती भरणारे शेजारी त्याने पाहिलेले असतात.

अशा पालकाला मराठीचा वैरी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याचा हिशेब चुकीचा नाही. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेलं पोर अकरावी सायन्सला जातं आणि भौतिकशास्त्र एकदम इंग्रजीतून समोर येतं. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत मशीनवरच्या सूचनाही इंग्रजीतच असतात. ‘आमचं झालं ते झालं, पोराला पुढं जड जाऊ नये,’ एवढंच त्याचं म्हणणं. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून हा सेमीचा तोडगा त्याला पटतो, आणि तो शहाणपणाचाच आहे.

शाळेत काय आणि कसं शिकवावं हा वाद या भागाला नवा नाही. स्वदेशीच्या काळात विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावात राष्ट्रीय शिक्षण देत होतं. 1910 मध्ये इंग्रज सरकारने ते बंद पाडलं. पुढे 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे शेजारच्या पिंपरी-चिंचवडचे. त्यांच्यावर तेव्हा टीकेची झोड उठली. पंचवीस वर्षांनंतर दिसतं ते असं, की विषय म्हणून इंग्रजी आली, पण तेवढ्याने पालकांचं समाधान झालं नाही. त्यांना शाळेच्या पाटीवर ‘सेमी’ हवं झालं.

खरी खोट पाटीमागच्या वर्गात आहे. तिसरीतलं साधं उदाहरण घ्या. रामकडे 8 आंबे, सीताकडे 5. ‘हाउ मेनी मोअर’ आंबे रामकडे आहेत? ‘मोअर’ दिसताच पोर बेरीज करतं आणि 13 लिहितं. वजाबाकी त्याला येते. मराठीत विचारलं, तर ते लगेच 3 सांगतं. बाई चांगल्या आहेत, जीव तोडून शिकवतात, पण त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठीतून झालेलं आणि इंग्रजीतून गणित कसं शिकवायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मग समजावणं मराठीत, पुस्तक इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. उदाहरण तोंडी सोडवणारं पोर पेपरात नापास होतं आणि घरी निरोप जातो, ‘गणितात कच्चा आहे.’

दोन भाषांतून शाळा चालवण्याचं काम जगात इतरांनी नीट केलं आहे. कॅनडात क्वेबेकमधल्या सेंट लॅम्बर्ट गावी 1965 मध्ये इंग्रजीभाषक पालकांनीच हट्ट धरून मुलांसाठी फ्रेंचमधून वर्ग सुरू करवले. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल शहरात आर्मेनियन वस्ती मोठी. तिथल्या सरकारी शाळांत आर्मेनियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून विषय शिकवणारे वर्ग आहेत. अमेरिकेतली मराठी मंडळी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांतून शनिवार-रविवारी मराठी जपतात, तेही कौतुकाचंच. पण आर्मेनियन रोजच्या वेळापत्रकात शिरली आहे. अशा वर्गात कोणता विषय कोणत्या भाषेतून हे आधी ठरतं आणि शिक्षक त्या भाषेत मुरलेला असावा लागतो.

मावळात तर गुंता आणखी आहे. कातकरी वस्तीवरच्या मुलाची घरची बोली वेगळी, म्हणजे पुस्तकी मराठी हीच त्याची दुसरी भाषा. लोणावळ्यातल्या हॉटेलांत आणि तळेगावच्या एमआयडीसीत राबायला आलेल्या कुटुंबांची पोरं घरी हिंदी बोलतात. सेमीचा विचार करताना ही मुलं कुणाच्या हिशेबात नसतात.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. मराठी सर्व शाळांत सक्तीची करणारा कायदा 2020 मध्ये झाला. तो न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बालभारतीने पहिलीसाठी द्विभाषिक पुस्तकंही आणली. पण कायद्याने आणि पुस्तकाने बाईंना इंग्रजीतून गणित शिकवता येऊ लागत नाही. जिल्हा परिषदेने नव्या शाळेला सेमीची परवानगी देण्याआधी तिथल्या शिक्षकांना वर्षभर नेमकं हेच प्रशिक्षण द्यावं, आणि जिथे सेमी आधीच सुरू आहे, तिथे तोंडी परीक्षेत मराठी उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

पालकांनीही यंदा प्रवेश घेताना ‘सेमी हाय का?’ एवढ्यावर थांबू नये. गणित कोण शिकवतं ते विचारावं, त्यांच्या तासाला दहा मिनिटं मागे बसू द्या म्हणावं, आणि शाळेच्या कपाटातली मराठी गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हातात पडतात का, तेही बघावं.