खेळाडू मुलास परदेशी नेताना

परदेशगमन म्हटले की आमच्या वऱ्हाडातील लोकांच्या डोळ्यांसमोर पूर्वी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेलेला एखादा श्रीमंताचा मुलगा उभा राही. ती गोष्ट आपल्या घरात घडेल, असे शेतकऱ्यास किंवा शिक्षकास स्वप्नातही वाटत नसे. आता काळ पालटला आहे. २०२३ च्या मे महिन्यात आपल्याच बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार या तरुणाने शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या माइक श्लोसर या डच धनुर्धरास १४९ विरुद्ध १४८ अशा एका गुणाने हरविले, आणि त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई खेळांत ज्या भारतीय संघाने सुवर्णपदक मिळविले त्यातही तो होता. तेव्हापासून पिंपळगाव राजा, खामगाव, नांदुरा या टापूतील पालक मुलांच्या हाती धनुष्य देऊ लागले असतील तर त्यात नवल नाही. आणि धनुष्य हाती आले की आज ना उद्या परदेशी स्पर्धेचा प्रश्नही दारी येतोच. ‘गुरुजी, मुलाबरोबर आम्ही जावे काय? आणि जायचे तर तयारी कशी करावी?’ असे आम्हांस विचारले जाते. त्याविषयी आमचे मत येथे मांडीत आहो.

आमचे मत थोडक्यात असे की, अशा प्रवासाची आखणी करताना आपले लोक धनुष्याची उत्तम काळजी वाहतात, पदकाची त्याहून अधिक वाहतात, आणि मुलाचा विचार मात्र सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा असला पाहिजे.

थोडा हिशेब करून पाहू. कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धेत पात्रता फेरीत ५० मीटरांवरून ७२ बाण सोडावयाचे असतात. त्यानंतर बाद फेरीचा सामना. त्यात प्रत्येकी १५ बाण. बाद फेरीत चौसष्ट खेळाडू असतील तर पहिल्याच सामन्याअखेर बत्तीस जण बाहेर पडतात. म्हणजे निम्मी मुले सहा-सात हजार किलोमीटर प्रवास करून, ८७ बाण सोडून, स्पर्धेतून मोकळी होतात. हा त्यांचा दोष नव्हे. बाद फेरीची रचनाच तशी आहे. मग ज्या प्रवासाची सारी सार्थकता पदकावर टांगलेली आहे, तो प्रवास निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत फुकट गेला असे म्हणावे लागेल. घरी शेत गहाण पडलेले असते, किंवा पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर असते, आणि ‘एवढा खर्च केला आहे, आता काही तरी करून दाखव’ हे वाक्य जाण्यापूर्वी मुलाच्या कानी निदान दहा वेळा पडलेले असते. ज्याची बोटे शांत असावयास हवीत, त्याच्या बोटांत आपण हे कर्ज ठेवतो. ते त्याच्या बाणास कोठे नेईल ते धनुर्विद्या न जाणणाऱ्यासही कळेल.

कर्ज काढूच नये असे आम्ही म्हणत नाही. सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी हिचे वडील आमच्याप्रमाणेच शिक्षक. मुलीच्या साहित्यासाठी त्यांनी कर्ज काढले होते, आणि ती उसाच्या शेतातल्या मैदानावर सराव करीत असे, हे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालेले आहे. १७ वर्षांच्या या मुलीने २०२३ च्या जुलैत आयर्लंडमधील लिमरिक येथे अठरा वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि महिनाही लोटला नाही तोच बर्लिनमध्ये मोठ्यांचे जागतिक अजिंक्यपदही जिंकले. नागपूरचा ओजस देवतळे त्याच बर्लिनमध्ये १५० पैकी १५० गुण घेऊन विश्वविजेता झाला. अशी उदाहरणे मुलांस जरूर सांगावीत. परंतु त्याच मैदानावरून जी मुले पहिल्या दिवशी परतली, त्यांचे पालकही कर्जच काढून आले असतील, हेही आपण विसरू नये.

तेव्हा प्रवासाची योजना अशी असावी की, मूल पहिल्याच सामन्यात हरले तरी त्याच्या पदरी काही पडावे. यासाठी आमची सूचना साधी आहे. स्पर्धा संपल्यानंतरचा निदान एक पूर्ण दिवस, शक्य तर दोन, त्या शहरासाठी आरंभापासूनच राखून ठेवावेत. ‘जिंकलास तर फिरवू’ अशी अट त्यास घालू नये. तिकीट काढतानाच परतीची तारीख त्या हिशेबाने घ्यावी. मूल संघाबरोबर जात असेल तर मुक्काम व परतीची तारीख संघाचे व्यवस्थापक ठरवितात. स्वखर्चाने मागून जाणाऱ्या पालकांनी मुलास एक दिवस मागे ठेवून घेता येईल काय, हे त्यांस आधीच लेखी विचारावे. मैदानावर जाऊन अशी विनंती करणे सर्वांसच अडचणीचे होते.

उदाहरणादाखल बर्लिन शहरच घेऊ. कारण त्या शहराशी वऱ्हाडाचा संबंध जुना आहे. १९३६ साली तेथे ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. १९१४ साली अमरावतीस निघालेली ही संस्था बावीस वर्षांत बर्लिनला पोहोचली, आणि पुढे सत्याऐंशी वर्षांनी वऱ्हाडाशेजारच्या नागपूरचा मुलगा त्याच शहरात विश्वविजेता झाला. बुलढाणा जिल्ह्यातले मूल त्या शहरी जाईल तेव्हा ते १९३६ चे स्टेडियम त्यास अवश्य दाखवावे, व आपल्याकडचे लोक येथे आले होते हे सांगावे. भुयारी रेल्वेच्या यू-२ या मार्गावर त्या स्टेडियमच्या नावाचेच स्थानक आहे. शहराच्या मध्यभागी १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या एका चर्चचा भग्न मनोरा तसाच राखून ठेवला आहे. त्याच्या शेजारी नवे चर्च उभे आहे. युद्ध म्हणजे काय हे वर्गातील इतिहासाच्या तासाला आम्ही वर्षभर सांगतो, त्याहून अधिक तो मनोरा पाच मिनिटांत सांगेल. सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालील मुलांस प्रवेशमूल्य पडत नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तसेच रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी पाव-दूध-फळे घेऊन ठेवली नाहीत तर रविवारी मूल उपाशी राहील, किंवा हॉटेलात दामदुप्पट पैसे मोजावे लागतील.

आता कागदपत्रांविषयी. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट सामान्यतः पाच वर्षे किंवा त्यास अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालतो. म्हणून सतराव्या वर्षी परदेशी निघालेल्या मुलाच्या पासपोर्टची मुदत पाहिल्यावाचून तिकीट काढणे धोक्याचे आहे. अनेक देश प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक मागतात. जर्मनीसारख्या शेंगेन गटातील देशांचा व्हिसा प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून मागता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी अर्ज गेलाच पाहिजे. परंतु पंधरा दिवसांवर विसंबणारा मनुष्य स्पर्धा संपल्यावर पोहोचावयाचा. अर्जासोबत निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आईवडिलांपैकी एकच सोबत जात असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र तयार ठेवावे. आमच्याकडे वडील जातात व आई घरी राहते, हे जणू ठरूनच गेले आहे. आमच्या मते आईने जाण्यास काहीच हरकत नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०१४ साली डर्बनला दहा वर्षांखालील मुलींत बुद्धिबळाची जगज्जेती झाली व २०२५ मध्ये बाटुमी येथे तिने महिलांचा विश्वचषक जिंकला; तिच्या लहानपणच्या स्पर्धांच्या प्रवासांत तिची आईच तिच्याबरोबर असे.

बुद्धिबळपटूचे सामान हातपिशवीत मावते. धनुर्धराचे मावत नाही, आणि खरी दगदग येथूनच सुरू होते. धनुष्यबाण विमानात हाती नेता येत नाहीत. क्रिकेटची बॅट, हॉकीची काठी यांसही तीच बंदी आहे. ते सारे मालात द्यावे लागते. रिकर्व्ह धनुष्य सुटे करता येते, त्याची मूठ व पाती निराळी होतात. कंपाउंड धनुष्य मात्र खास यंत्रावाचून उकलत नाही, म्हणून त्यास लांब व कठीण कवचाची पेटीच हवी. बहुतेक विमान कंपन्या साधारणतः एका नगास २३ किलोची मर्यादा घालतात, आणि ३२ किलोपलीकडचा नग हमाल उचलत नाहीत म्हणून घेतच नाहीत. पेटी घरीच तोलावी. यासाठी मुंबईच्या विमानतळाची वाट पाहण्याची जरुरी नाही; आपल्या गावात धान्याचा काटा असतोच. विमान कंपनीस खेळाचे साहित्य आहे असे आगाऊ कळवून तिचे लेखी उत्तर मुद्रित करून जवळ बाळगावे. पॉवर बँक मात्र पेटीत घालू नये. ती हातच्या पिशवीतच न्यावी लागते. सरावाचे बूट, स्पर्धेचा गणवेश, चष्मा, औषधे व कागदपत्रेही हातच्या पिशवीतच असावीत. पेटी एखादे दिवशी मागे राहिली तरी मूल निदान अंगावरच्या कपड्यांनिशी अडकून पडणार नाही.

पेटी मागे राहते, हे गृहीतच धरावे. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर तीन दिवस आधी पोहोचावे. तेथील घड्याळ ऑगस्टात आपल्याहून साडेतीन तास मागे असते. पहिल्या रात्री मूल पहाटे तीनलाच जागे होते, आणि सायंकाळी साडेआठपर्यंत ऊन असल्याने वेळेवर झोपत नाही. ते तीन दिवस त्यास लागतातच. पेटी आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. पेटी आली पण आतील वस्तू मोडली असेल तर सात दिवसांच्या आत, व उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. १९९९ च्या माँट्रियल करारातील ही तरतूद आहे, व भारतही त्या करारात सामील आहे. निघण्यापूर्वी पेटी उघडून प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घेतलेले व खरेदीच्या पावत्या जपलेल्या असतील तर ही मागणी करता येते. नाही तर तोंडी भांडण तेवढे होते.

ही यादी कोणी करावी? आमचे उत्तर : मुलाने. पेटीत किती बाण आहेत, तार शेवटी केव्हा बदलली, राखीव तार कोणत्या कप्प्यात आहे, हे वडिलांस ठाऊक व मुलास नाही, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ते साहित्य त्याचे आहे. चौदा वर्षांच्या मुलास स्वतःच्या हाताने यादी लिहू द्यावी, वडिलांनी ती केवळ तपासावी. शहराच्या रेल्वेचा नकाशाही त्यालाच वाचू द्यावा. एखादे स्थानक पुढे गेले तर जाऊ द्यावे. नांदुऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईस जाताना पेटी बाकाखाली मावते की वरच्या फळीवर ठेवावी, तेथपासून ही सवय लागावी.

औषधांविषयी एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. परक्या हवेत सर्दी होते, आणि पालक जवळच्या दुकानातून गोळी आणतात. सर्दीच्या कित्येक औषधांत सूडोएफेड्रिन असते. ते ठरावीक प्रमाणाबाहेर शरीरात आढळल्यास स्पर्धेच्या काळात निषिद्ध मानले जाते. संघाच्या डॉक्टरांस विचारल्यावाचून खेळाडू मुलास कोणतीही गोळी देऊ नये.

खर्चाविषयी पालकांस आमची आणखी एक विनंती. हिशेब मुलापासून लपवू नये, पण त्याच्या डोक्यावरही ठेवू नये. किती खर्च आला हे त्यास एकदा शांतपणे सांगावे, आणि परत येईपर्यंत तो विषय काढू नये. एखाद्याची ऐपत खरोखरच नसेल तर त्याने मुलास संघाबरोबर पाठवून स्वतः घरी राहावे. त्यात कमीपणा नाही. आई-बाप प्रेक्षकांत नसतात तेव्हा काही मुले अधिक मोकळेपणाने बाण सोडतात, असे आम्ही पाहिले आहे.

मुलांच्या जागतिक स्पर्धा बहुधा जुलै-ऑगस्टात येतात : २०२१ मध्ये पोलंडमधील व्रोत्स्वाफ, २०२३ मध्ये लिमरिक, २०२५ मध्ये कॅनडातील विनिपेग. हा आमच्या पहिल्या सत्राचा ऐन भर असतो. रजेचा अर्ज तिकीट निघताच वर्गशिक्षकांकडे यावा, म्हणजे बुडणाऱ्या पाठांची नोंद करून देता येईल. पुस्तके मात्र पेटीत धनुष्याजवळ कोंबू नयेत, वजन तेथेच वाढते. आणि शिक्षकबंधूंसही आमचे सांगणे आहे की, परत आलेल्या मुलास पहिल्या आठवड्यात चाचणीस बसवू नये, व वर्गात शिरताच ‘कितवा आलास?’ असे विचारू नये. काय काय पाहिलेस, असे विचारावे. पेटी घरी पोहोचल्याच्या दिवशी उघडून पाती, तार व बाण नीट तपासावेत. सात दिवसांची मुदत तोपर्यंत सुरू झालेली असते.