२०२४चे तीन सिनेमे

वर्ष सरलं की मी मनाशी हिशेब मांडते : कोणते सिनेमे घरापर्यंत सोबत आले? २०२४चे माझे तीन ठरले आहेत. पहिला पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोहोचलेला हा भारतीय सिनेमा ग्राँ प्री जिंकून आला. पण माझ्या मनात राहिलाय तो त्यातला तांबडा राइस कुकर. जर्मनीतून आलेला, पाठवणाऱ्याचं नावही नसलेला. परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी नर्स प्रभा रात्री जमिनीवर बसून तो कुकर पोटाशी धरते, आणि एका शब्दाविना तिचा सगळा एकटेपणा आपल्याला कळतो. त्यातच कागदपत्रांअभावी मुंबईतलं घर गमावून रत्नागिरीकडे परतणारी पार्वती साकारलीय छाया कदम यांनी. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मधली, स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजू माईही त्यांचीच. एकाच वर्षात अशा दोन भूमिका! ‘लापता लेडीज’ हा माझा दुसरा सिनेमा. तिसरा तमिळ ‘मेय्यळगन’. बावीस वर्षांनी तंजावरला आलेला पाहुणा, जीव ओवाळून टाकणारा नातलग, आणि त्याचं नावच न आठवल्यानं आलेली शरम. रात्रभराच्या गप्पांवर अख्खा सिनेमा उभा आहे. तिन्हींत माणसं एकमेकांना आसरा देतात. म्हणूनच ते पुन्हा पाहावेसे वाटतात.