आधी पट्टा, मग गाडीची हौस

दिवाळीच्या सुटीत कोणी कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी फार सोपे होते. बायकांनी माहेरी जावे, मुलांनी मामाकडे आणि पुरुषांनी नेहमीप्रमाणे कचेरीत! आता सहलवाल्यांच्या जाहिरातींनी हा जुना बेत पार पालटून टाकला आहे. पुण्यामुंबईची कितीतरी कुटुंबे या दिवसांत दुबईची वाट धरतात. उंच इमारती पाहून झाल्या, सोन्याच्या बाजारात डोळे दिपून झाले की तिसऱ्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत 'वाळवंटाची सफर' येते. आणि तेथे, वेगळे पैसे भरले की, एक आगळीच गाडी स्वतः चालवायला मिळते.

तिला उघडे अंग, उंच बांधा, जाडजूड खाचांची चाके आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. चालवणारा आणि सोबती शेजारी-शेजारी बसतात, म्हणून इंग्रजीत तिला 'साइड-बाय-साइड' म्हणतात. आपण तिला जोडबैठकीची गाडी म्हणू. शारजाच्या हद्दीत अल बदायर येथे 'बिग रेड' नावाची तांबड्या वाळूची प्रसिद्ध टेकडी आहे, तिच्या आसपास या गाड्यांचा नुसता सुळसुळाट असतो. हातात हेल्मेट येते, कागदावर सही होते, आणि आयुष्यात डांबरी रस्त्याखाली चाक न उतरवलेले गृहस्थ वाळूच्या लाटांवर स्वार होतात.

मौज आहे, यात शंका नाही. पण या सदरात आपण यंत्राच्या पोटात शिरून पाहतो, तसे या गाडीच्याही शिरले पाहिजे. कारण तिचा एक मोठा अवगुण आहे. ती उलटते. आणि उलटते तेव्हा माणसाला वाचवणारी वस्तू तिच्यातच असते, फक्त माणूस ती वापरत नाही.

उलटते का, हे समजून घ्यायला वाळवंटात जायला नको. घरातला पाट घ्या आणि त्यावर दोन आगपेट्या ठेवा, एक उभी आणि एक आडवी. दोन्ही घसरू नयेत म्हणून खालच्या अंगाला एक पट्टी टेकवून धरा. आता पाट एका बाजूने हळूहळू उचला. उभी पेटी आधी कोलमडेल. आडवी कितीतरी वेळ दम धरील. वजन तेच, पेटी तीच. फरक एवढाच की उभ्या पेटीचा गुरुत्वमध्य उंच आहे आणि तिची बैठक अरुंद आहे. कोणत्याही गाडीचे उलटणे या दोन मापांशी बांधलेले असते: दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर किती आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच.

जोडबैठकीच्या गाडीला ही दोन्ही मापे प्रतिकूल पडतात. दगडधोंडे पोटाला लागू नयेत म्हणून तिचे पोट जमिनीपासून चांगले उंच ठेवावे लागते. आणि रानातल्या वाटेवरून जायचे म्हणून अंग अरुंद ठेवावे लागते. अमेरिकेतील सरकारी जंगलांत कित्येक वाटा ५० इंचांपर्यंतच्या वाहनांनाच मोकळ्या आहेत, म्हणून अगदी तेवढ्याच रुंदीच्या गाड्या तेथे बनू लागल्या. पन्नास इंच म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. आपल्याकडची लहानात लहान मोटारसुद्धा दीड मीटरच्या आसपास रुंद असते.

ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. गाडी वळू लागली की आणखी एक शक्ती कामाला लागते. चाके वळतात, पण वरच्या अंगाला सरळच जायचे असते, म्हणून ते बाहेरच्या बाजूला झुकते. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्याला हे शिकवायला नको. येथले गणित मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वेग दुप्पट केला की बाहेर लोटणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १५ किलोमीटरने सहज घेतलेले वळण ३० किलोमीटरने घेतले तर गाडीला चौपट धक्का सोसावा लागतो. त्यातच चाक घसरत जाऊन वाळूच्या चरात रुतले, तर ती झाली आपली पाटावरची पट्टी! घसरणे थांबते आणि उलटणे सुरू होते.

ही कल्पनेची भीती नव्हे. अमेरिकेत यामाहा कंपनीची 'रायनो' नावाची जोडबैठकीची गाडी २००४ सालच्या मॉडेलपासून फार लोकप्रिय झाली. शेतकऱ्यांनी घेतली, शिकाऱ्यांनी घेतली, हौशी कुटुंबांनीही घेतली. पुढे अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. २००७ साली कंपनीने या गाड्यांना अर्धी दारे आणि सोबत्यासाठी धरायच्या मुठी फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. मग तेथील ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने चौकशी केली आणि ३१ मार्च २००९ रोजी तिचा निष्कर्ष जाहीर झाला. पन्नासहून अधिक अपघात तपासले गेले होते, त्यांत ४६ माणसे दगावली होती. दोन-तृतीयांशांहून अधिक प्रसंगांत गाडी उलटली होती आणि पुष्कळांनी पट्टे बांधलेले नव्हते. सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच होती. उलटण्याचे कित्येक प्रसंग कड्यावर किंवा भरधाव वेगात घडले नव्हते. ते सपाट जमिनीवर, बेताच्या वेगात, साधे वळण घेताना घडले होते.

तेव्हा कंपनीने जी दुरुस्ती देऊ केली, तीच मोठी बोलकी आहे. मागच्या चाकांना जाड चकत्या बसवून ती बाहेरच्या बाजूला सरकवली, म्हणजे बैठक रुंद केली. शिवाय मागच्या अंगाला झुकाव रोखण्यासाठी असलेला एक दांडा काढून टाकला, जेणेकरून वळणावर गाडीची वागणूक सुधारावी. पाटावरच्या आगपेटीचे शास्त्र ते हेच.

आता पिंजऱ्याकडे वळू. एवढ्या जाड नळ्या डोक्यावर असताना माणूस मरतो कसा? उत्तर असे की पिंजरा राखतो तो आत राहणाऱ्याला. शेतातल्या ट्रॅक्टरवर अशी चौकट बसवण्याची सक्ती स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांसाठी १९५९ सालीच केली, आणि तेथे ट्रॅक्टरखाली चिरडून मरणे पुढे जवळजवळ इतिहासजमा झाले. म्हणजे युक्ती जुनी आणि खरी आहे. पण जोडबैठकीच्या गाडीला दार अर्धे, कधी नुसती जाळी. गाडी कलंडू लागली की आपला देह आपल्याला न विचारता एक काम करतो. घरात पाय घसरला की हात जमिनीवर टेकतो ना, तेच! हात बाहेर जातो, किंवा पाय बाहेर पडतो, आणि त्याच क्षणी सुमारे अर्ध्या टनाची गाडी पिंजऱ्यासकट त्यावर येते. ज्याने पट्टा बांधलेला नाही तो तर सगळाच बाहेर फेकला जातो, आणि रक्षणासाठी लावलेली नळी त्याच्याच अंगावर पडते.

याच आयोगाने २००३ ते २०११ या नऊ वर्षांतले अशा सर्व प्रकारच्या गाड्यांचे ४२८ नोंदलेले अपघात पुढे तपासले. त्यांत ३३५ माणसे मेली होती आणि ५०६ जखमी झाली होती. शंभरातील ६८ अपघातांत गाडी कुशीवर उलटली होती, आणि त्या उलटण्यांतले निम्म्याहून अधिक वळताना झाले होते.

येथे एक जुना वाद उभा राहतो. दोष कोणाचा, गाडीचा की चालवणाऱ्याचा? रायनोच्या बाबतीत तो कोर्टात गेला. काही ठिकाणी ज्यूरींनी कंपनीच्या बाजूने कौल दिला, काही ठिकाणी जखमी माणसाच्या. मला वाटते, दोष एकाच्याच माथी मारण्याची ही ओढच घातक आहे. चालवणाऱ्याचा अविचार खरा आहे; पण चाके बाहेर सरकवून जी गाडी अधिक स्थिर होते, ती मुळातच तशी बनवता आली नसती काय? माणूस चुकणारच, हे धरून यंत्र बनवले पाहिजे. २०१४ साली आयोगाने सुचवले की पट्टा बांधल्याशिवाय गाडी ताशी १५ मैलांहून, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरहून अधिक वेगाने पळूच नये. पुढे अनेक गाड्यांत अशी सोय आली. उपदेश विसरला जातो, यंत्र विसरत नाही.

पण सहलीला गेलेल्या माणसाच्या हाती गाडीची घडण नसते. त्याच्या हाती असतात त्या चार साध्या गोष्टी, आणि त्यांतली पहिली आपल्या घराघरांतली आहे. गाडी दोघांची, बाहेर माणसे तीन, आणि तिसरे आपले पाच वर्षांचे चिरंजीव. मग संवाद ठरलेला: "अहो, एवढासा तर आहे, बसेल माझ्या मांडीवर!" स्कूटरवर, रिक्षात, मोटारीत हा संवाद आपण इतक्यांदा ऐकला आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटतच नाही. या गाडीत मात्र तो मुळीच चालू देऊ नये. एक पट्टा एका माणसासाठी असतो. मांडीवरच्या मुलाला आईचे दोन हात सोडून कसलाच आधार नाही, आणि उलटणाऱ्या गाडीत ते दोन हात पुरे पडत नाहीत. पाठ टेकून बसल्यावर ज्याचे पाय तळाला टेकतात आणि ज्याचा हात मुठीपर्यंत पोचतो, तोच सोबती म्हणून बसायला योग्य. ज्याला ते जमत नाही त्याने उंटावर बसावे; त्यातही गंमत आहे.

चालवायला बसणारा सोळा वर्षांच्या आतला नसावा, आणि परवाना असलेला असावा. थोरला मुलगा हट्ट धरील, रुसेल, जेवणार नाही. दुसऱ्या दिवशी जेवेल. टेकडीवर सरळ चढावे आणि सरळ उतरावे, उताराला आडवी गाडी घालू नये. वाळूच्या टेकडीची एक बाजू सौम्य आणि दुसरी एकदम तुटलेली असते, म्हणून पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय माथा ओलांडू नये. वळण्याआधी वेग कमी करावा, वळता वळता नव्हे. आणि गाडी कलंडलीच, तर सोबत्याने मूठ घट्ट धरावी, चालवणाऱ्याने चाक सोडू नये, पाय तळाला रोवून दोघांनी आतच राहावे. हे ऐन वेळी सुचत नाही, म्हणून गाडी सुरू होण्याआधी एकमेकांना मोठ्याने सांगून ठेवावे.

पट्टा तुटका असेल, जाळी फाटलेली असेल, तर दुसरी गाडी मागावी. पैसे आपण मोजलेले असतात; मागायला संकोच कसला? "काही होत नाही हो, सगळे असेच जातात," असे भाड्याने देणारा म्हणाला, तर त्याला हसून नमस्कार करावा आणि चालू लागावे.

असो. फराळाच्या ताटाशी बसून हे वाचताना कदाचित जरा जड वाटेल. पण सुटी संपल्यावर सगळी मंडळी धडधाकट घरी यावीत, यासाठीच हा प्रपंच.