नावाड्याची परीक्षा

हौशी मंडळींना होडीतून नेऊन, मासा जेथे गळाला लागेल ती जागा दाखविणारा माणूस, आणि त्याला म्हणे सरकारी परवाना! हे ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस हसू येईल. परवाना म्हटला की कचेरीतील हेलपाटे, अर्ज आणि शिक्के एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु अमेरिकेच्या ईशान्य टोकास असलेल्या मेन या राज्यात हा परवाना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि त्यामागील विचार आपणही ध्यानी घ्यावा असा आहे.

मेन हा सरोवरांचा व अरण्यांचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरदूरच्या शहरांतील हौशी लोक तेथे मासेमारीसाठी व शिकारीसाठी जाऊ लागले. पाणी अनोळखी, रानही अनोळखी. तेव्हा स्थानिक वाटाड्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नसे. १८९७ साली तेथील विधिमंडळाने कायदा करून वाटाड्यांना नोंदणी सक्तीची केली. पहिल्याच वर्षी १,३१६ जणांची नोंद झाली आणि पहिला परवाना मिळाला तो कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना. त्या बँकेत काम करीत. प्रकृती नाजूक, म्हणून डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहण्याचा सल्ला दिला. त्या सल्ल्यातून बाई गळ टाकण्यात निष्णात झाल्या आणि ‘फ्लाय रॉड’ या टोपणनावाने वृत्तपत्रांतून लिहूही लागल्या.

आज त्या राज्यात मोबदला घेऊन कोणासही मासेमारीसाठी नेणाऱ्याला हा परवाना घ्यावाच लागतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र हवे, पूर्वचारित्र्याची तपासणी होते. त्यानंतर परीक्षा, लेखी आणि तोंडीही. आमचा जन्म परीक्षा घेण्यात गेला, त्यामुळे या तोंडी परीक्षेचे स्वरूप आम्हांस विशेष वाटले. उमेदवारापुढे नकाशा व होकायंत्र ठेवून मार्ग काढावयास सांगतात. आणि मग विचारतात, तुम्ही नेलेल्या मंडळींपैकी एकजण परतला नाही, आता तुम्ही काय कराल? मासा कोठे लागतो याचे ज्ञान उमेदवारास हवेच. पण बरोबरचा माणूस सुखरूप घरी आणण्याची विद्या त्याहून मोठी मानली आहे.

महासरोवरांसारख्या मोठ्या जलमार्गांवर यांत्रिक होडीतून पैसे घेऊन माणसे न्यावयाची, तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा वेगळा परवाना लागतो. त्याच्या सर्वांत प्राथमिक प्रकारासाठीसुद्धा नौकेवरील ३६० दिवसांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो मिळाल्यावरही सहापेक्षा अधिक उतारू पैसे घेऊन नेता येत नाहीत. सातवा मनुष्य काठावर कितीही आर्जवे करो, त्याला होडीत जागा नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. १८५७ साली थोरो हा विख्यात लेखक मेनच्या अरण्यात हिंडला, तेव्हा त्याचा वाटाड्या होता पेनॉब्स्कॉट जमातीचा जो पोलिस. हा जाणता मूलनिवासी कोणत्या परीक्षेस बसला होता? पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान कागदावर कसे मोजावे? आमचे उत्तर असे की, परवाना वाटाड्याला शहाणे करण्यासाठी नसतोच. तो त्या परक्या उतारूसाठी असतो. गावच्या माणसाला कोण जाणता आणि कोण बढाईखोर हे ठाऊक असते. बाहेरून आलेल्याला ते कळण्याचा मार्ग नाही. जेथे ओळख नाही तेथे ओळखीचे काम हा कागद करतो.

आता हे सातासमुद्रापलीकडचे पुराण आम्ही का लावले, ते सांगतो. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली. बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडून मृत्यू पावल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. या वाक्यापुढे कोणाही शिक्षकाची लेखणी थांबते.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी व चालकांची पात्रता यांची तरतूद आहे. परंतु कायदा ग्रंथात राहतो आणि होडी सुटते काठावरून. तेथे पालक असतात, शिक्षक असतात, आपण असतो. सहलीला निघताना शिदोरीची चौकशी दहा वेळा होते, नावाड्याची एकदाही होत नाही. काही विचारले तर त्याला राग येईल, असा आपला भिडस्त स्वभाव.

वाचकहो, ही भीड पाण्याकाठी तरी सोडावी. ही होडी किती माणसांची? तिची तपासणी झाली आहे का? प्रत्येकाला जाकीट आहे का? होडी चालविणाऱ्याजवळ परवाना आहे का? आणि शेवटी मेनच्या परीक्षकांचा प्रश्न: आमच्यापैकी एखादा पाण्यात पडला, तर तुम्ही काय कराल? जो जाणता आहे, तो न रागावता उत्तर देईल. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्या होडीत आपले मूल बसवू नये. मग मूल कितीही रडो.